पाखरांचं गूळपाणी

अमेरिकेतल्या वाळवंटात वसलेल्या चँडलरचा उन्हाळा माणसांनी सोसायचा नसतोच. शाळेला सुट्टी लागली की दुपारी बाहेर पाऊल टाकलं तर चपलेचा तळ डांबराला चिकटायचा, आणि नळाचं गार पाणी सोडलं तरी ते आंघोळीला चालेल इतकं कोमट यायचं. ज्याला जमेल तो डोंगरात पळायचा. आम्हीही पळायचो. चार तास गाडी वर चढली की निवडुंग संपायचे, पाइनची झाडं सुरू व्हायची, आणि बाबा एसी बंद करून काचा खाली करायचे. तो वास आत आला की आई त्या प्रवासात पहिल्यांदा काहीतरी बोलायची. तोवर ती गप्प असे. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आया गाडीत गप्पच बसतात, अशी माझी समजूत होती.

माझं वय आठवणी लिहिण्याचं नाही, हे मला कळतं. तिशी नुकतीच ओलांडली आहे आणि आजवर जे लिहिलं ते सगळं व्हिसावाल्या कुटुंबांच्या मागण्यांच्या पत्रकांतलं, एका पानात बसेल आणि रस्त्यात कोणाच्याही हातात कोंबता येईल असं. पण पत्रकात मागणी लिहिता येते, ती कुठून आली ते लिहायला जागा उरत नाही. माझी मागणी एका उन्हाळ्यातून आली. त्या उन्हाळ्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

डोंगरातलं ते गाव म्हणजे एक रस्ता. एक किराणा दुकान, एक पेट्रोल पंप, दोन चर्च आणि दारांवर हरणांची शिंगं ठोकलेली लाकडी घरं. आम्ही डोरीन नावाच्या बाईंचं छोटं घर उन्हाळ्यापुरतं भाड्याने घ्यायचो. त्या स्वतः मागच्या घरात राहायच्या. सत्तरीच्या, काटक, हातात कायम कात्री. त्यांच्या लाकडी ओट्याच्या कडेला लाल रंगाच्या काचेच्या बाटल्या टांगलेल्या असत आणि त्यांतलं साखरपाणी प्यायला हमिंगबर्ड यायचे. अंगठ्याएवढा जीव. दिसायच्या आधी ऐकू यायचा. सायकलची बारीक घंटी कोणी दाबून धरल्यासारखा नराच्या पंखांचा आवाज व्हायचा. मग पानाआडून हिरवी ठिणगी निघायची आणि बाटलीसमोर हवेत खिळा ठोकल्यासारखी थांबायची. सकाळी चहा पिताना ते आमच्या कपांवरून भांडत जायचे. मी आजही कुठे तो आवाज ऐकला की माझ्या तोंडाला कुरडईच्या चिकाची चव येते.

कारण त्या ओट्यावरच आमची वाळवणं चालायची. चँडलरमध्ये अंगणात साडी पसरून वड्या घातल्या की कॉलनीच्या कमिटीकडून समज यायची. इथे विचारणारं कोणी नव्हतं. ज्या उन्हाळ्याचं मी सांगते आहे, त्या वर्षी बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, अमरावतीहून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली, पण आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने घराचा ताबा घेतला. गहू भिजत घातले, चीक काढला, आणि ओट्यावर आईची जुनी सुती साडी अंथरून सोऱ्याने कुरडया पाडायला बसली. शेजारी मुगाच्या वड्या. माझ्याकडे काम एकच, खारी आणि निळ्या रंगाचे कावळ्यासारखे पक्षी हाकलणं. मी पुस्तक वाचत हात हलवत बसे आणि आत्या म्हणे, "काहून वं, वारा घालते का वड्यांले?" बाबा शुक्रवारी संध्याकाळी यायचे, रविवारी परत जायचे. ते चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. आले की ओट्यावरची एक ओली वडी उचलून तोंडात टाकायचे आणि आत्या त्यांच्या हातावर चापट मारायची. पन्नाशीला टेकलेला तो माणूस तेवढ्यापुरता तिचा धाकटा मन्या व्हायचा.

हमिंगबर्डला आत्या भिंगरी म्हणायची. तिचा त्यांच्यावर जीव जडला होता. एवढीशी भिंगरी मेक्सिकोतून उडत येते हे आईने सांगितल्यापासून तर ती रोज सकाळी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि "दमली असतीन वं बिचारी," म्हणायची.

आईला हे माहीत असण्याचं कारण होतं. माझी आई जनावरांची डॉक्टर. नागपूरला शिकली, काटोलकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू काढलं. हे मला आत्याकडून कळलं, आईने कधी सांगितलं नाही. अमेरिकेत ती आली ती बाबांच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून, आणि त्या व्हिसावर काम करायला मनाई होती. पगारी काम तर नाहीच. जिथे इतरांना पगार मिळतो ते काम फुकट केलं तरी ते कायद्यात बसतं का, यावर आमच्या ओळखीतले काका लोक पार्टीत तासन् तास वाद घालत. बायका तेव्हा स्वयंपाकघरात असत. डॉक्टर, वकील, कॉलेजात शिकवलेल्या, सगळ्या पुऱ्या तळत.

तर त्या उन्हाळ्यात डोरीनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्या लेकीकडे फिनिक्सला गेल्या आणि जाताना बाटल्या आईवर सोपवून गेल्या. चार वाट्या पाणी, एक वाटी पांढरी साखर, बाकी काहीही नाही. आईने ते आत्याला सांगितलं. आत्याने मान डोलावली. पण तिच्या मनाला ते पटलं नव्हतं. पांढरी साखर म्हणजे विष, हे ती घरात सर्वांना ऐकवायची. आमच्या चहात तिने गूळ सुरू केला होता. आणि उन्हातान्हातून कोणी दारात आलं तर त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवायचं, हे ती जन्मभर करत आलेली. पोस्टमनला, बांगड्यावाल्याला, वाट चुकून आलेल्या माणसालाही. आई सकाळी चीक शिजवायला आत असे तेव्हा आत्याने बाटल्या भरायचं काम आपल्याकडे घेतलं. सोबत आणलेल्या ढेपेतला गूळ किसला, पाण्यात विरघळवला, फडक्यातून गाळला आणि भिंगऱ्यांना गूळपाणी दिलं. लाल काचेतून रंग कळत नव्हता.

भिंगऱ्या ते प्यायल्या. चार-पाच दिवसांनी ओट्यावर, वड्यांच्या रांगेत, एक पडलेली सापडली. तिची चोच उघडी होती आणि जीभ बाहेर, सुजलेली, पांढरट. दुपारी दुसरी. तिसरी बाटलीच्या काठावर बसली होती, पण उडत नव्हती. आईने ती उचलली तरी ती हातातच बसून राहिली. आईने बाटली उतरवली, वास घेतला, बोट बुडवून चाटलं. मग आत्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी होणार. आत्याचा चेहरा एवढासा झाला. तिने विचारलं, "म्या मारलं का वं त्यांले?"

आई म्हणाली, "ताई, ते पाणी आंबलं. त्यानं जिभेला बुरशी धरते. तुम्ही प्रेमानंच दिलंत." आणि पुढे लगेच, वेगळ्याच आवाजात, "मला गरम पाणी द्या. ड्रॉपर शोध गं. कापूस आण."

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझी आई हुकूम सोडत होती.

पुढचे दिवस मला असे आठवतात की घरात जणू दुसरीच बाई राहायला आली होती. पोळ्यांच्या टोपलीत तिने मऊ फडकं घातलं, तिच्यावर दिव्याची ऊब धरली. कापसाच्या वातीने त्या सुतासारख्या जिभा पुसायच्या, ड्रॉपरने स्वच्छ साखरपाणी द्यायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने. आत्या बाटल्या उकळत्या पाण्यात घासायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. रोज आणखी एक-दोन पडलेल्या सापडायच्या. काही मेल्या. काही उडाल्या. एखादी उडाली की आई ओट्यावर जाऊन पाहून यायची आणि परत येताना गुणगुणायची. जेवण कधीही, केव्हाही. एकदा आम्ही रात्रीला नुसती तळलेली कुरडई आणि दही खाल्लं, आणि मला ते अजून आयुष्यातलं सर्वांत चांगलं जेवण वाटतं.

गाव लहान. पेट्रोल पंपावरच्या बाईने किराणा दुकानात ऐकलं आणि डोळा चिकटलेलं मांजर घेऊन आली. मग नाकात साळिंदराचे काटे रुतलेला कुत्रा आला. खरा जनावरांचा डॉक्टर डोंगराखाली, दीड तासावर. लोक दारात येऊन विचारायचे, "ती बर्ड लेडी इथेच राहते का?" आईने कोणाकडून पैसे घेतले नाहीत. एकजण दुधी भोपळ्याएवढ्या झुकिनी ठेवून गेला. मांजरवालीने पीचच्या जॅमची बाटली दिली.

शुक्रवारी बाबा आले आणि ती बाटली त्यांना टेबलावर दिसली. कोणी दिली, कशाबद्दल, हे मी उत्साहाने सगळं सांगितलं. बाबा बूटही न काढता खुर्चीवर बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. बाबा आवाज चढवत नाहीत, ते समजावतात, आणि ते जास्त वाईट. आईला म्हणाले, शुभा, हे अनऑथराइज्ड एम्प्लॉयमेंट होतं, परवाना नसताना केलेलं काम. जॅमसुद्धा मोबदला धरतात. इथे कायमचं राहण्यासाठीची आपली ग्रीन कार्डची फाइल सरकारकडे आहे. कोणी एक फोन केला, तर तुझं इथे राहण्याचं स्टेटस जातं. आपण काय मग, पीच खात बसायचं? आई म्हणाली, मी मांजराचा डोळा धुतला फक्त. बाबा म्हणाले, लायसन्स नसताना. तेवढ्यात त्यांना टोपली दिसली. त्यांनी फोनवर शोधलं. असे जंगली पक्षी परवान्याशिवाय घरात ठेवणं हाही इथे गुन्हाच निघाला.

जॅमची बाटली परत द्यायला मला पाठवलं. पंपावरची बाई म्हणाली, हनी, आवडला नाही का? मी काय सांगणार? डायबेटीस आहे म्हणाले. घरातल्या कोणालाही नव्हता.

शनिवारी दुपारी वन्यजीव खात्याची गाडी दारात थांबली. कोणी तक्रार केली नव्हती, हे मला पुढे डोरीनबाईंकडून कळलं. गाडीतून आलेला माणूस त्यांच्या चर्चमधला होता. पक्षी मेल्याचं गावातून फोनवर कळल्यावर त्यांनीच त्याला पाहून यायला सांगितलं होतं. तरुण होता, टोपी हातात घेऊन बोलत होता. त्याने टोपली पाहिली, तिच्यातल्या चार-पाच जिवंत भिंगऱ्या पाहिल्या आणि शीळ घातली. मग आईकडे वळून अगदी सहज, कौतुकानेच विचारलं, "मॅम, तुम्ही हे शिकला आहात का कुठे? यू अ व्हेट ऑर समथिंग?"

आईचं तोंड उघडलं होतं. मी बाजूलाच उभी होते, मी पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर उत्तर आलेलं होतं.

बाबा मध्ये आले. "नो, नो, सर. शी इज जस्ट अ हाउसवाइफ. शी डझन्ट नो एनीथिंग अबाउट धिस." आणि हसले. ऑफिसात साहेबासमोर हसतात तसे.

आईने तोंड मिटलं. त्या माणसाने मान हलवली, नियम समजावून सांगितला, खाली फिनिक्सच्या पुनर्वसन केंद्रात आपण यांना पोचवू म्हणाला आणि खोक्यात टोपली रिकामी केली. आई त्याला सांगायला गेली की दर अर्ध्या तासाने पाजावं लागतं. बाबांनी तिच्या कोपराला हात लावला. ती थांबली. चार तासांच्या रस्त्यात त्यांना कोणी पाजलं असेल असं मला वाटत नाही. मी मोठेपणी हे अनेकांना सांगितलं, तर लोक त्या खात्यावर चिडतात. चिडू नका. तो बिचारा नीट वागला. त्याने एक साधा प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं माझ्या आईला परवडू नये अशी व्यवस्था कोणीतरी खुर्चीत बसून, विचार करून केली आहे. चिडायचं तर तिच्यावर चिडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा निघायच्या आधी, एक पिकअप ट्रक येऊन थांबला. गावाबाहेर शेळ्या पाळणारा एक मध्यमवयीन माणूस होता. मागे शेळी आडवी झालेली, अडलेली. रात्रभर कळा देतेय, डोंगर उतरेपर्यंत टिकायची नाही, बर्ड लेडी इथेच असते ना? बाबा दार अर्धं उघडून उभे राहिले. इथे कोणी डॉक्टर नाही, म्हणाले. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. तो माणूस म्हणाला, प्लीज. बाबा म्हणाले, सॉरी सर, वी कॅन्ट हेल्प यू.

आई आत सोऱ्या धरून बसली होती. खालच्या ताटात कुरडई पडत होती, गोल, गोल, गोल. खिडकी उघडी होती आणि शेळीचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. जनावर ओरडतं तसा नव्हता तो. माणूस दात खाऊन कण्हतो तसा. आई मान वर न करता म्हणाली, "पिल्लू आडवं आहे. हात घालून फिरवलं की निघेल. साबणाचं पाणी पुरे आहे." हे ती कोणाला म्हणाली ते कळलं नाही. सोऱ्या चालूच होता.

आत्या उठली. दारात गेली आणि अमेरिकन माणसासमोर आपल्या भावाला म्हणाली, "मन्या, बाजूले हो. तिले जाऊ दे."

"ताई, तुला समजत नाही."

"मले इंग्लिश नाही समजत. मरणं समजते."

बाबा वळून बोलले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "पोरीचं काय करू मग? हिचं नाव आहे त्या फाइलवर. हाकलून दिलं तर हिची शाळा, हिचं कॉलेज, काय करू? सांग." ते माझ्याकडे बोट दाखवत होते. आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग ती दारातून बाजूला झाली. ट्रक सुरू झाला, वळला, आणि तो आवाज उतारावरून बराच वेळ येत राहिला. नंतर थांबला. दूर गेला म्हणून थांबला की कशामुळे, हे आम्हाला कधी कळलं नाही. आईने ताट उचललं आणि उन्हात नेऊन ठेवलं.

आत्या ठरल्यापेक्षा लवकर अमरावतीला परतली. डोरीनबाई कुबडीवर परत आल्या, त्यांनी बाटल्या पुन्हा भरल्या, आणि आम्हाला पुढच्या वर्षीचं विचारलं. बाबांनी कळवतो म्हटलं. आम्ही परत गेलो नाही.

आता ती फाइल. ज्या फाइलवर माझं नाव होतं म्हणून हे सगळं झालं, तिच्या रांगेत आम्ही उभेच राहिलो. मी एकवीस वर्षांची झाले तेव्हा रांग हलली नव्हती. कायद्याच्या हिशेबाने मी त्या दिवशी माझ्या आईबापांचं मूल राहिले नाही. माझं नाव फाइलमधून गळलं. ज्या देशात मी पहिलीपासून शिकले, तिथे मी परदेशी विद्यार्थिनी म्हणून नव्याने अर्ज केला. म्हणजे बाबांनी माझ्यासाठी आईचं तोंड मिटवलं, आणि मी तरीही वाचले नाही. हे मी चौकात ओरडून सांगते तेव्हा काही काका लोक मला बाजूला घेऊन म्हणतात, बेटा, थोडं सांभाळून, तुझी स्वतःची केस पेंडिंग आहे ना? सांभाळून कसं राहतात ते मी पाहिलं आहे.

पुढे माझ्या आईसारख्या बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. आईलाही मिळाला. बाबा बदलले होते. परदेशी पशुवैद्यांना इथे ज्या परीक्षा द्याव्या लागतात त्यांची पुस्तकं त्यांनी स्वतः आणली, फी भरतो म्हणाले, रविवारी गाडीने क्लासला सोडतो म्हणाले. पुस्तकं कोऱ्या वासासकट कपाटात आहेत. आई कापडाच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिला ते आवडतं का, हे मी विचारलं. म्हणाली, पाय दुखतात.

मागच्या हिवाळ्यात मी चँडलरला गेले तेव्हा माझं मांजर सोबत होतं. दुसऱ्या दिवशी ते पोट आत ओढून श्वास घ्यायला लागलं. मी ते उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं आपोआप त्याच्या बरगड्यांवर गेली. दोन बोटं, हलकी, काहीतरी मोजत असल्यासारखी. मग तिने ती काढून घेतली.

"डॉक्टरला दाखव," ती म्हणाली.

"आई, तू बघ ना."

"मला काय कळतं त्यातलं?"

बाबा समोर सोफ्यावर होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या स्वरात म्हणाले, "शुभा, जरा बघतेस का?"

आई मांजर माझ्याकडे देऊन उठली. नळाशी गेली, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि साबण घेऊन हात धुवायला लागली. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं. बराच वेळ. मी मांजर टेबलावर आडवं केलं, दिवा जवळ ओढला. बाबा उभे राहिले होते.

तिने हात पुसले, परात खाली घेतली आणि कणीक मळायला लागली.